मुर्जो आधी, मग लीसा

रूसे, २ मार्च

ती. राइनाताईस,
धाकट्या कामेनचा शि. सा. न. वि. वि.

सोबत वसंताचा लाल-पांढरा दोरा पाठवतोय, वर्ष सुखाचं जावं म्हणून मनगटाला बांध. माझी नेवेना होती तोवर दर मार्चला तुझी ही भावजयच आठवणीनं पाठवायची. यंदा गाठ मी मारली आहे, म्हणून ती अशी वाकडी. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकून घेत नाहीस, तेव्हा पत्रच बरं.

माझ्या खुब्याचं ऑपरेशन मेअखेरीस ठरलं आहे. त्याआधी इवेलिना मला सोफियाला नेणार. लेकीचं घर चौथ्या मजल्यावर, आणि जावईबापूंना कुत्रा नुसता दिसला तरी शिंका येतात. प्रश्न लीसाचा आहे. बंदरावरची ही उपाशी, तांबडी कुत्री नेवेनानं घरी आणली, कोल्हिणीसारखी दिसते म्हणून हे नाव ठेवलं, आणि जाताना माझा हात धरून एवढंच म्हणाली, की हिला पुन्हा रस्त्यावर टाकू नका. ताई, तू घेशील का तिला? तुझ्याकडे अंगण आहे.

मुर्जोची मला काळजी आहेच. तेरा वर्षं तो कुत्रा त्या अंगणाचा मालक आहे. म्हणून सांगतो तसं कर. पहिली भेट घरात नको, गावाबाहेर झऱ्यावर होऊ दे. दोघांना शेजारी शेजारी चालव. फाटकातून शिरताना नेहमी मुर्जो आधी, मग लीसा. ताटल्या वेगळ्या ठेव, आणि अंगणात खाण्याचं काही पडू देऊ नकोस. बाकी ती गरीब आहे, आजवर कुणावर साधी गुरगुरली नाही.

तुझा होकार येईपर्यंत जिवाला चैन नाही. माझ्यावर लोभ आहेच, त्यातला थोडा तिलाही मिळावा.

तुझा कामेन


स्तुदेन दोल, २९ मार्च

चि. कामेन यास राइनाताईचे अ. उ. आ.

तुझी कोल्हीण पोचली. चीज विकायला आपल्या गावचा दोब्री रूसेला गेला होता, त्यानंच गाडीतून आणली. वाटेत तिनं त्याची टोपी कुरतडली, पण तोंडातून आवाज काढला नाही. तुमच्या खानदानात इतकं शांत कुणी पहिल्यांदाच पाहिलं, असं दोब्री म्हणाला.

आणि हो, तू मला कुत्री शिकवतोस! तुझं नाक मी पुसायची तेव्हापासून कुत्री सांभाळते आहे. तरी तुझा कागद चुलीजवळच्या खिळ्याला टांगलाय आणि शब्दन् शब्द पाळते आहे. झऱ्यावर मुर्जोनं तिला एकदा हुंगलं आणि तोंड फिरवून पाणी पीत बसला. आपल्या बाबांनी सगळे जावई असेच पसंत केले होते. मग रोज सकाळी झऱ्यापर्यंत जायचं आणि यायचं, असं चालू आहे. मुर्जोचे मागचे पाय आता फरफटतात, फाटकातून शिरायला त्याला वेळ लागतो. चौथ्या दिवसापासून ही भवानी आपणहून खाली बसते आणि तो पुरता आत गेल्याशिवाय उठत नाही. तुझा दोरा मी अर्धा अर्धा करून दोघांच्या गळ्यात बांधला. शेजारची पेन्का म्हणते, राइनाला म्हातारचळ लागलाय.

काल दुपारी दोघं पाठीला पाठ लावून उन्हात झोपली होती. मला एकदम नेवेना आठवली. शहरातली, नखरेल, म्हणून मी तिच्याशी कधी धड बोलले नाही. आता तिच्या कुत्रीशी बोलत बसते. हे तिला दिसलं असतं तर बरं झालं असतं.

खुब्याला जप, जिने चढू नकोस. म्हातारीची आठवण असू दे.

राइना


स्तुदेन दोल, ९ मे

चि. कामेन यास आशीर्वाद.

संत गेओर्गीच्या सणाच्या दिवशी दुपारी दोघांची जुंपली. मी पेन्काकडे होते. आवाज ऐकून धावत आले, तर मुर्जोची मान तिच्या जबड्यात. बादलीभर पाणी ओतलं तेव्हा सुटला. गुरांच्या डॉक्टरनं टाके घातले. त्यावर दोन दिवस काढले बिचाऱ्यानं, काल सकाळी गेला.

तुझ्या लीसाला मी त्याच दुपारी झाडू घेऊन फाटकाबाहेर काढलं. दगडही मारला, लागलासुद्धा. कुठे गेली ते मला ठाऊक नाही.

गरीब आहे, असं तू लिहिलं होतंस.

राइना


रूसे, १६ मे

ती. ताईस शि. सा. न.

मी खोटं लिहिलं होतं. गेल्या हिवाळ्यात बंदरावर एका माशाच्या डोक्यावरून तिनं एका कुत्र्याचा कान फाडला. एरवी खरंच गरीब आहे गं, पण खाणं समोर पडलं की तिला उपाशी दिवस आठवत असावेत. हे तुला कळवलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि मला दुसरं कुणाचं दार नव्हतं. म्हणून अंगणात खाण्याचं पडू देऊ नकोस, अशी एक ओळ लिहिली आणि आपण सांगून मोकळे झालो, अशी मनाची समजूत घातली. जहाजांची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेला. कुठला भाग धोक्याचा आहे ते ठळक लिहायचं असतं, हे मला कळत नव्हतं थोडंच!

तुझा मुर्जो गेला आणि नेवेनाला दिलेला शब्दही गेला. दोन्हीला मीच कारण. सोमवारी इवेलिना न्यायला येते. विचारायला तोंड नाही, तरी विचारतो. ती कुणाला कुठे दिसली का?

लोभ ठेव असं आज म्हणवत नाही.

अपराधी कामेन


स्तुदेन दोल, २४ मे

चि. कामेन यास अ. उ. आ.

ऑपरेशनच्या आधी हे तुझ्या हाती पडायला हवं. सगळा बोजा तू उचलू नकोस. दोघांची कशावरून जुंपली, ते मी मुद्दाम लिहिलं नव्हतं.

सणाच्या कोकराची हाडं आई टेकडीवरच्या वारुळात पुरायची, मुंग्यांसारखी मेंढरं वाढावीत म्हणून. तू तिच्या पदराला धरून जायचास. ती प्रसादाची हाडं, कुत्र्याच्या तोंडी लागता कामा नयेत. यंदा माझ्या गुडघ्यांनी टेकडी चढवेना. पेन्का म्हणत होती, दे, मी नेते. पण मला कुणाचे उपकार नकोत. मी ती अंगणातच अक्रोडाखाली पुरली, वीतभर खोल. तुझा कागद समोर टांगलेला होता, रोज वाचत होते. पण कामेन, हाडं म्हणजे खाणं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती देवाची होती ना! लीसानं उकरून काढली आणि म्हातारा आपलं अंगण राखायला उठला. त्याचं काय चुकलं? आणि तिचं तरी काय चुकलं? मी झाडू मात्र तिच्यावर उगारला.

मुर्जोला त्याच खड्ड्यात पुरलं आहे, गळ्यातल्या दोऱ्यासकट.

आणि ती दिसली. मलाच दिसली, तुझं पत्र यायच्या आधीच. रागानं कळवलं नाही, नंतर लाजेनं. झऱ्यावर बसलेली असते, पहिल्या भेटीच्या जागी. दगड लागला तो पाय अजून उचलून धरते. मी पाव घेऊन जाते तर आधी माझा हात हुंगते, मग खाते. पाचव्या दिवशी माझ्याबरोबर चालू लागली, अगदी शेजारी, तू लिहिलं होतंस तशी.

फाटकापाशी आलो की मात्र बसते. मी फाटक सताड उघडते, हाका मारते, आत जाऊन पुन्हा बाहेर येते. ती उठत नाही. मान वळवून मागच्या रस्त्याकडे बघत राहते. मुर्जोचे पाय फरफटतात, त्याला वेळ लागतो, हे तिला माहीत आहे. तो आधी आत जाईल आणि मग आपण जायचं, म्हणून थांबली आहे.

आज तासभर तिच्याशेजारी मीही बसले. तुझा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. आता काय करायचं, ते त्यात लिहिलेलं नाही.

बरा होऊन ये, आणि या मोठीला जमलं तर माफ कर.

तुझी राइनाताई