फुगलेल्या ड्रमबाबत वेळीच दिलेली सूचना

प्रति,
मा. अधिकारी,
जिवाणू खते व पशुसंवर्धन विभाग,
विभागीय कार्यालय
(ज्याची मागची खिडकी अर्जदाराच्या गोठ्याकडे उघडते)

विषय : धाकट्या दिराने उचलून नेलेले विरजण परत मिळणे, तसेच उद्याच्या प्रात्यक्षिकाबाबत आपणांस सावध करणे.

संदर्भ : अर्जदाराचे मागील सर्व अर्ज व त्यांवरील आपली उत्तरे, विशेषतः ‘यापुढे अर्ज समक्ष स्वीकारला जाणार नाही, साध्या टपालानेच पाठवावा’ हे उत्तर.

महोदय,

१. अर्जदार ही गोठा आणि त्यामागची शेती सांभाळणारी बाई आहे. पूर्वी तिची वासरे हगवणीने दगावत. तेव्हा तिने जुन्या झाडाखालची माती, नासलेल्या दुधाचे पाणी आणि साखर कारखान्याची मळी यांपासून उपयोगी जिवाणूंचे विरजण लावले. त्याचे पाणी गायींच्या बसण्याच्या जागेवर शिंपडले की वास मरतो आणि माश्या हटतात. मुरघासात घातले की चारा बुरशी धरत नाही, शेणखतावर ओतले की खत लवकर मुरते. दह्यासारखे थोडे मागे राखायचे आणि वाढवत जायचे, एवढेच त्याचे शास्त्र. आपण खिडकी सताड उघडी ठेवून डबा खाता ते या विरजणाच्या जिवावर, हे कदाचित आपल्या ध्यानात आले नसेल.

२. अर्जदाराचे धाकटे दीर भिंतीपलीकडच्या गोठ्याचे मालक आहेत. घरात त्यांना सगळे ‘भोंगा’ म्हणतात, कारण त्यांना हळू बोलता येत नाही. आल्यागेल्याला ते सांगत, “आमच्या वहिनी गटार पाळतात.” लोक हसत आणि अर्जदार ऐकून घेई. पुढे त्यांच्याच गायी आजाराने बसल्या, तेव्हा अर्जदाराने आपण होऊन विरजणाचे बादलीभर पाणी दिले आणि कसे वापरायचे तेही शिकवले. गायी उठल्या. त्यानंतर अर्जदार लेकीच्या बाळंतपणाला गेली असता भोंगा यांनी अख्खा ड्रम भिंतीपलीकडे नेला. कोपऱ्यातल्या मडक्यात थोडे विरजण राखलेले होते, त्यात ते जाताजाता फिनेल ओतून गेले. चोरी एक वेळ सोसता आली असती. फिनेल सोसवत नाही, आणि अर्जदार ते विसरणारही नाही.

३. जाब विचारला असता ते म्हणाले, “वहिनी, ते तुमचं होतं याला पुरावा काय?” हाच प्रश्न पुढे आपल्या कार्यालयानेही विचारला. जिवाणू डोळ्यांना दिसत नसल्याने चोरीचा पंचनामा करता येत नाही, असे आपण कळविले. त्यावर अर्जदाराने सुचविले की चार ड्रम ओळीने ठेवावेत आणि तिची तांबडी गाय मोकळी सोडावी. ती रोज चाटत असलेला ड्रम बरोबर ओळखेल. ‘गाय साक्षीदार म्हणून ग्राह्य नाही,’ असे आपले उत्तर आले. आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती, त्यांनाच ‘प्रयोगशील पशुपालक’ म्हणून आपण आपल्या हस्ते ढाल दिलीत. भाषणात भोंगा यांनी मातीचे, गायींचे, आपले आणि ध्वनिक्षेपक लावणाऱ्याचेही आभार मानले. वहिनीचे नाव त्यात नव्हते.

४. अर्जदाराच्या पतीचे म्हणणे, “जाऊ दे, घरातल्या घरातच आहे ना.” तेव्हापासून त्यांच्या चहात दूध पडत नाही. सासूबाई दोन्ही मुलगे सारखेच म्हणतात आणि चहा धाकट्याकडे पितात. इकडे फिनेलचे मडके पुन्हा पुन्हा धुऊनही त्यात नवे विरजण लागत नाही, आणि दुसऱ्या मडक्यात मुळापासून लावायचे तर महिने जातील. गोठ्यात हगवण परत आली आहे. परवा तांबडीचे वासरू गेले. तांबडी अजून वासराच्या रिकाम्या जागेकडे बघून हंबरते, आणि भिंतीपलीकडून भोंगा विचारतात की तुमची गाय गप्प कशी बसत नाही. अर्जदारास संताप आला आहे, हे ती स्वच्छ शब्दांत नमूद करते.

५. आता मुख्य मुद्दा. मळी खाल्ली की हे विरजण श्वास सोडते. म्हणून अर्जदाराच्या ड्रमवर भोकाभोकांचे झाकण असे आणि ते रोज सकाळी उघडून वाफ जाऊ द्यावी लागे. हे भोंगा यांना नीट समजावले होते. तेव्हा ते ऐकण्याऐवजी स्वतःच बोलत होते. ड्रम नेताना त्यांनी झाकण इथेच टाकले. चोराला सगळेच चोर दिसतात, त्यामुळे त्यांनी त्यावर नवे घट्ट झाकण बसवून लोखंडी कडी आवळली आणि कुलूप घातले. शिवाय उद्याच्या प्रात्यक्षिकात फेस दांडगा दिसावा म्हणून काल दुप्पट मळी ओतून पुन्हा कुलूप लावले. भिंतीच्या फटीतून पाहता ड्रमच्या कुशी बाहेर आल्या आहेत. बूड गोल झाल्याने तो सरळ उभा राहत नाही, डुलतो. भोंगा यांना वाटते, जिवाणू भरभराटीस आले.

६. उद्या हा ड्रम आपल्या सभागृहात दिव्यांच्या उजेडात ठेवला जाणार असून कुलूप उघडण्याचा मान आपणांस आहे, शेजारी भोंगा पांढऱ्या कपड्यांत उभे राहणार आहेत, असे समजते. तरी जाणत्या नागरिकाचे कर्तव्य म्हणून अर्जदार कळवीत आहे की कडी हळूहळू सैल करावी, ड्रमवर वाकू नये आणि तोंड मिटलेले ठेवावे. जिवाला धोका नाही. वास मात्र आठवडाभर अंघोळीला दाद देत नाही.

७. हा अर्ज गोठ्यातून उठून आपल्या खिडकीतून आत देता आला असता. अर्जदाराचे पती तसे म्हणालेही. परंतु आपल्या आदेशाचा भंग नको म्हणून तो साध्या टपालाने पाठविला आहे. आजची टपालगाडी गेल्याची खात्री करूनच तो टपालात टाकला जात आहे. आपल्या हाती तो प्रात्यक्षिकानंतर पडेल. सूचना दिली नाही, असे मात्र कोणी म्हणू नये.

८. नवे विरजण लावायला जुने पेलाभर पुरते. म्हणून नम्र विनंती की आपला सदरा आणि भोंगा यांचे पांढरे कपडे धुवायला टाकू नयेत. ते बादलीत पिळावेत आणि ती बादली अर्जदाराच्या गोठ्यात पोचवावी. तांबडीच्या शेजारच्या गायीचे वासरू अजून जिवंत आहे, त्यामुळे उशीर करू नये. बादली भोंगा यांनी स्वतः आणावी आणि भिंतीवरून नव्हे, दारातून यावे.

आपल्या प्रत्येक आदेशाचे पालन करणारी,
(सही)
भोंगा यांची थोरली वहिनी

दिनांक : प्रात्यक्षिकाचा आदला दिवस, सायंकाळ

सोबत : भोकाभोकांचे मूळ झाकण, एक नग. (पुराव्यादाखल. ड्रमला बसवून पाहावे. ड्रम शिल्लक असल्यास.)