घोडा, धनुष्य आणि मांजर

१० डिसेंबर १९८७, पहाटे
उद्यापासून कुंग फू. निर्णय पक्का. वाळूजला मशीनसमोर उभं राहायचं, घरी येऊन आडवं पडायचं, यात माणूस गंजतो. शिवाय परवा सासुरवाडीला, देवगाव रंगारीला, मेहुणा काकासाहेब चारचौघांत म्हणाला, ‘कळशी उचलताना आमच्या दाजींचं तोंड बघा!’ लोक हसले. बायको, आशासुद्धा हसली.

आशाचं म्हणणं, आधी घेतलेली पेटी एकदा तरी वाजवा. तिला प्रगती समजत नाही.

११ डिसेंबर
आमखास मैदान. कय्युम सर साठीचे, अंगानं काडी. निराशा. पहिला पवित्रा ‘घोडा’. पाय फाकवायचे, गुडघे वाकवायचे, पाठ ताठ, घोड्यावर बसल्यासारखं. पण खाली घोडा नाही. आणि तसंच थांबायचं. पुढं काय, विचारलं. सर म्हणाले, “आगे का पूछो नक्को. बैठो.”

१४ डिसेंबर
अजून घोडाच. मांड्या पेटल्यात. मनात लाथा तयार आहेत, पायापर्यंत येत नाहीत. सर म्हणाले, “पुंजाराम, तुम्हारा घोडा भागता बहोत.” कौतुक असावं.

२० डिसेंबर
शिफ्टच्या बसमध्ये सराव. दांडी न धरता घोडा. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. मी थेट कंपनीतल्या नवाबच्या मांडीवर, त्याचा डबा माझ्या मांडीवर. नवाब म्हणाला, बाजूची सीट रिकामी होती की भाई. सगळी बस हसली. दोष ब्रेकचा. पवित्रा बरोबरच होता.

२८ डिसेंबर
नवीन दोन. ‘धनुष्य’: पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ. ‘मांजर’: सगळा भार मागच्या पायावर, पुढचा नुसता टेकवलेला. दोन्ही आले. म्हणजे समजले. सरांना सुचवलं, आता लाथा घेऊ. म्हणाले, ज्याचे पाय जमिनीवर टिकत नाहीत त्याची लाथ कशाला? त्यांना माझा वेग झेपत नाही.

६ जानेवारी १९८८
क्लासला खाडे. थंडी लई. पण घरीच प्रगती जास्त. आरशासमोर घोडा उत्तम दिसतो. (आरसा कमरेच्या वरचाच आहे.)

१२ जानेवारी
काकासाहेब बाजाराला आला होता. बोलता बोलता सांगून टाकलं, मी घोड्यात उभा राहिलो की चार गडी ढकलून हलवू शकत नाहीत. वाटलं हसेल. हसला नाही. डोळे मोठे करून म्हणाला, “दाजी, खरंच? मग सव्वीस जानेवारीला शाळेत करून दाखवा. गावाला कळू द्या आमचे दाजी काय हायेत.” हो म्हणालो. स्वयंपाकघरात आशानं पातेलं आपटलं.

२१ जानेवारी
सरांना सांगितलं. त्यांनी माझ्या मांड्या चाचपून बघितल्या. मग म्हणाले, पाय थरथरले की उठा, त्यात शरम नाही. जुनी माणसं भितात.

२६ जानेवारी, दुपार. देवगाव रंगारी
आडवा आहे. घटना लिहितो.

झेंडावंदन झालं. काकासाहेबनं माझं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या, मी ओट्यावर जाऊन लगेच घोडा घेतला. चार गडी बाह्या सरसावून पुढं आले. तेवढ्यात हेडमास्तर ओळख करून द्यायला उठले. त्यांनी चीनपासून सुरुवात केली. मग हिमालय. मग व्यायामाचं महत्त्व. उठावं तर लोक काय म्हणतील. हिमालयापर्यंत मी ठीक होतो. व्यायामाला मांड्या लटलट कापायला लागल्या. लोकांना वाटलं हीच कला, त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मास्तर ‘आता आपले पाहुणे’ म्हणाले आणि मी मागं कोसळलो.

गडी अजून हातभर लांब होते. कुणी बोट लावलं नव्हतं.

उठता येईना. काकासाहेबनं पाठीवर घेतलं. भर बाजारपेठेतून घरी. वाटेत कुणीतरी विचारलं, दाजीला काय झालं? तो म्हणाला, “ऊन लागलं.”

जानेवारीत.

२७ जानेवारी, सकाळी
सासूबाईंनी तेल लावलं. उपयोग नाही. गुडघे वाकत नाहीत. पण माणसाला सकाळी वाकावंच लागतं. काकासाहेब मला धरून बांधापलीकडं घेऊन गेला. टमरेल खाली ठेवलं. माझे दोन्ही हात आपल्या हातात घट्ट धरले, तोंड तुरीकडं फिरवलं.

मी वाकायला लागलो. थरथरलो. त्यानं हात आणखी आवळले.

“सावकाश, दाजी,” तो तुरीकडं बघत म्हणाला. “घाई नाय. म्या हाय.”