स्फटिकातलं जाळं

सेलू. पौष शु. १२, शके १८६१

देवघरात धूर कोंडतो म्हणून अण्णानं गवंडी बोलावला होता. आज पूर्वेच्या भिंतीत झरोका पडला. वीतभरच. वहिनी दिवसातून चारदा येऊन बघून गेली. म्हणाली, "वन्सं, देवांची तोंडं आज पहिल्यांदा नीट दिसली." खरं आहे. इतकी वर्षं समईच्या उजेडात सगळे देव सारखेच.

उन्हाची तिरीप सरकत सरकत स्फटिकाच्या गणपतीवर आली तेव्हा मी एकटी होते. अंगठ्याएवढा तो गणपती. सगळं ऊन त्यानं पोटात घेतलं. मी फुलं निवडायची थांबले. आतलं जाळं स्पष्ट दिसत होतं. आता सगळ्यांनाच दिसेल. का कोण जाणे, जीव थोडा खट्टू झाला.

पौष शु. १५

बोलायची सोय नाही म्हणून लिहून ठेवते.

सात वर्षांची असेन. पूजा झाल्यावर बाबांनी गणपती माझ्या तळहातावर ठेवला, हात धरून अंगणात नेलं. "दुर्गे, ह्याच्या कानातून बघ." कान शिंपेसारखे पातळ. त्यातून तुळस म्हणजे नुसता हिरवा डाग. मग म्हणाले, आता पोटात बघ. आत तिरकी पांढरी रेघ, तिच्या कडेनं बारीक बारीक जाळं. "दगड होताना धुकं आत राहून गेलं," म्हणाले. "कारागिराला ते काढता आलं नाही. म्हणून त्यानं पोट बरोबर तिथंच धरलं."

एकोणिसाव्या वर्षी कपाळ पुसून ह्याच घरात परत आले. बाबा त्याआधीच गेलेले. अण्णा मुन्सफीत वकिली करतो, दुपारी घरी नसतो. वहिनी जेवून झोपते. अशा दुपारी मी गणपती पदरात घेऊन वर माळवदावर जाते. उन्हात धरते. परत जागेवर ठेवते. सोवळ्यात नसते तेव्हा. चोवीस वर्षं झाली ह्याला. कुणाला माहीत नाही.

काचेतून आरपार दिसतं, पण काचेत बघण्यासारखं काही नसतं. काळ्या दगडातून काहीच दिसत नाही. हा मधला. उजेड आत घेतो, थोडा वेळ ठेवून घेतो, मग सोडतो. शेळीचा कान उन्हात लाल होतो तो. वाळत घातलेली कुरडई. पिंपळाचं तांबूस पान. माझं मन असल्याच गोष्टींवर का बसतं, कळत नाही. पाप म्हणावं तर बाबांनीच…

पौष व. २

शेतावर हुरडा. माधव (अण्णाचा मुलगा) वकिलीच्या परीक्षेसाठी हैद्राबादला गेलाय, म्हणून त्याची बायको सुमती तोंड पाडून बसली होती. सतरा वर्षांची. लग्नाला वर्ष झालं नाही अजून. मी तिला ज्वारीचा कोवळा दाणा उन्हासमोर धरून दाखवला. आतलं दूध दिसतं. तिनं बघितलं न् एकदम हसली. "आत्या, आमच्या गंगाखेडला गंगेच्या वाळूत गारगोट्या सापडतात. पाण्यात असल्या की आत रेषा न् रंग दिसतात. घरी आणून वाळल्या की नुसता दगड. मी लहानपणी त्या तोंडात धरून बसायची. ओल्या राहाव्यात म्हणून. आई लय मारायची!"

तोंडात धरून. मला हे कधी सुचलं नाही.

ह्या पोरीला गणपतीचं सांगावं असं वाटून गेलं. नाही सांगितलं.

पौष व. ५

अण्णाला हिवताप. अंथरुणावरून उठवत नाही. पूजा कोण करणार? माधव नाही. वहिनीची कंबर धरलेली. वहिनी म्हणाली, "सुमती करील. सवाष्ण आहे, काही अडत नाही." माझ्याकडं कुणी बघितलं नाही. मी चंदन उगाळून दिलं.

सु. हळू हातानं देव धुते. मी दारातून बघत असते.

पौष व. ११

अण्णा आज उठला, आंघोळ करून उशिरानं पूजेला बसला. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. अचानक आवाज: "हे काय? हा तडा कधीचा?"

ऊन नेमकं गणपतीवर. तो हातात धरून अण्णा झरोक्यापाशी उभा. वहिनी धावत गेली. "बाई बाई! सहा दिवस हिच्या हातात होता."

सु.ला बोलावलं. अण्णानं कोर्टातल्यासारखं विचारलं.

"हातातून पडला?"

"नाही मामंजी."

"कुठं आपटला?"

"नाही."

"मग तडा आपोआप गेला?"

मीही दारात आले होते. ती माझ्याकडं बघायली. माझ्या हातात तांदुळज्याची जुडी होती. मी ती निवडत राहिले.

पौष व. १२

भटजी येऊन बघून गेले. मूर्ती भंगली म्हणाले. देवत्व सुपारीत उतरवून घेतलं. मूर्ती आता गंगेत, गोदावरीत, सोडायची. तोवर तांदळाच्या डब्यात.

वहिनीचं चालूच आहे. आधी अण्णाचा ताप, मग हे. पोरीचा पायगुणच… मी म्हटलं, "वहिनी, असं बोलू नका." तेवढंच म्हटलं.

संध्याकाळी सु. विहिरीपाशी भेटली. "आत्या, खरंच मी पाडला नाही." मी म्हटलं, "मला माहीत आहे." तिनं विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

मी घागर उचलून आत आले.

पौष व. १४

सु.चे वडील गंगाखेडहून आले. साधा माणूस. हात जोडून म्हणाले, "लेकराच्या हातून झालं असंल तर मी दुसरी मूर्ती आणून देतो." अण्णा म्हणाला, "देव बाजारात मिळत नसतात." माधव येईपर्यंत पोरीला माहेरी ठेवा, पुढचं पुढं बघू, असं ठरलं. पुढचं म्हणजे काय, ते कुणी बोललं नाही. वहिनीच्या तोंडावरून मला कळलं.

गाडीची वेळ झाली तेव्हा सु. माझ्या पाया पडली. पदर सरकला, कानाची पाळी उन्हात लालभडक दिसली. रडून रडून. मला काय दिसावं तर हे! स्वतःची किळस आली.

माघ शु. १

जेवण जात नाही. बोलले तर काय होईल ते मनात मांडून बघते. चोवीस वर्षं विधवेनं सोवळ्याशिवाय देव हाताळला. अण्णाच्या चोवीस वर्षांच्या पूजा पाण्यात. मला घराबाहेर काढणार नाहीत. पण ह्या घरात मला तो देवघराचा उंबरा तेवढा आहे. फुलं, चंदन, वाती.

न बोलले तर पोरीचा संसार जातो.

हे दोन्ही एका तागडीत घालायला बसले, हीच लाज. दोन दिवस घालवले.

माघ शु. २

बोलले.

अण्णा ओसरीवर मुकदम्याचे कागद बघत होता. मी खांबाशी उभी राहिले. म्हटलं, "अण्णा, तो तडा नाही. ते जाळं दगडात पहिल्यापासून आहे. बाबांनी मला दाखवलं होतं."

"लहानपणचं तुला काय आठवणार?"

"लहानपणचं नाही. मी नेहमी बघते. दुपारी. माळवदावर नेऊन."

त्यानं चष्मा काढला. "सोवळ्यात?"

"नाही."

"किती वर्षं?"

"इथं आल्यापासून."

कागद वाऱ्यानं उडायले, ते त्यानं धरले नाहीत. वहिनी आतून बाहेर आली, काहीतरी बोलायली. त्यानं हात वर करून तिला थांबवलं. मला वाटलं आता ओरडेल. हळू आवाजात म्हणाला, "बाबांनी तुला दाखवलं. मला का नाही दाखवलं?"

  अण्णा मुलगा, पूजा त्याच्याकडं जाणार होती. त्याला मंत्र शिकवले, माझ्याकडं दुसरं काहीच येणार नव्हतं म्हणून… मला माहीत नाही. पन्नाशीचा माणूस, पांढऱ्या मिशा, न् तोंड असं की जणू बाबांनी त्याला जत्रेला नेलं नाही.

रात्री निरोप पाठवला: तुझ्या एकटीच्या साक्षीवर, शहादतीवर, निकाल होणार नाही. दगडाची पारख असणारा पाहिजे. उद्या परभणीला.

माघ शु. ३

परभणी. अण्णा पुढं, मी मागं. 

अंगठ्यांचे खडे घासणारे म्हातारे वस्ताद, मशिदीमागच्या गल्लीत दुकान. सगळी बोटं दगडाच्या पिठानं पांढरी. अण्णानं रुमाल सोडला. त्यांनी मूर्ती घेण्याआधी हात धुतले, मग विचारलं, "आपको चलता ना, मेरे हाथ में?" अण्णा म्हणाला, "हौ. बघा."

त्यांनी ती आधी उजेडात फिरवली. मग कल्हईच्या वाडग्यात पाणी ओतलं न् आत सोडली. मी पुढं वाकले. सोंड गेली, कान गेले, हातातला मोदक गेला. पाण्यात गणपती राहिलाच नाही. राहिलं ते नुसतं जाळं, पाण्यात तरंगणारं पांढरं. अण्णाही वाकून बघायला. आमची डोकी एकमेकांना लागली.

"ये जाला पैदाइशी है," वस्ताद म्हणाले. "खदान से लाया. किसी का कसूर नहीं."

 अण्णानं डोळे मिटले.

पण त्यांचं झालं नव्हतं. मूर्ती पुसली, बोटानं लाल शाई सगळीकडून लावली, परत पुसली. पोटाला काही नाही. खाली, बैठकीच्या कडेला, केसासारखी एक लाल रेघ राहिली. अर्ध्या तांदळाएवढी. "ये बाद का है. कहीं टकराया."

"कधीचं?" अण्णानं विचारलं.

"दस दिन का, कि दस साल का, पत्थर नहीं बोलता साहब."

स्टेशनवर अण्णा बाकावर बसला. मी उभी. माझ्याकडं न बघता म्हणाला, "हे कुणाचं?"

"माझ्या हातून झालं असेल."

"असेल, का आहे?"

गेल्या वैशाखात माळवदावर माकडं आली होती. मी घाबरून मूठ आवळली न् मूठ कठड्यावर आपटली. तेव्हा बघितलं होतं. काही दिसलं नव्हतं. पण खालून बघितलं होतं का? आठवत नाही.

"आहे," मी म्हटलं.

माघ शु. ४

गणेशजयंती. अण्णानं सुपारीची पूजा केली. मी उंबऱ्याबाहेर. अण्णानं सांगितलं, आजपासून देवघरात यायचं नाही. वहिनी माझ्या हातचं पाणी पूजेला घेत नाही. ठीक आहे. हे धरूनच बोलले होते.

भटजी म्हणतात, रेघ केसाएवढी असली तरी भंग तो भंग. विसर्जन करायचंच.

माधव सकाळी आला. सगळं ऐकून आईशी भांडला, जेवला नाही. अण्णा त्याला म्हणाला, "परवा जाऊन सूनबाईला घेऊन ये. मी चुकलो म्हणून सांग." मग तांदळाचा डबा उघडून मूर्ती माझ्यापुढं धरली. "तूही जा. गंगेत तू सोड." मी हात पुढं केला तर लगेच दिली नाही. झरोक्यापाशी गेला, एक डोळा मिटून तिच्या कानातून बाहेर बघायला. बराच वेळ. काय दिसलं ते सांगितलं नाही. 

गंगाखेड. माघ शु. ७

काल संध्याकाळी पोचलो. सु.ची आई आधी दारातच उभी राहिली. माधवनं वडिलांचा निरोप सांगितला तेव्हा आत घेतलं.

आज सकाळी नदीवर. सु. बरोबर आली. पाणी गुडघाभर, गार, तळाची वाळू दिसणारं. मूर्ती एकदा उन्हात धरली. लोकांसमोर, उघड्यावर, पहिल्यांदाच. मग हात पाण्यात नेला न् बोटं सोडली. कुठं गेली ते दिसलं नाही. माझ्या पायापाशीच असणार. पाय हलवायची भीती वाटत होती. सु.नं हात धरून काठावर आणलं. रडू आलं नाही. मोकळं वाटलं असंही नाही.

दुपारी ती ट्रंक भरत होती. मी लुगड्यांच्या घड्या घालून देत होते. एकदम थांबली. "आत्या, खालची ती रेघ तुमच्याच हातची, हे तुम्हाला आठवतं?"

मी म्हटलं, "का गं?"

"पूजेच्या दुसऱ्या दिवशी तांब्या टेकवताना खट्ट झालं होतं. अगदी हलकं. मी बघितलं, काही दिसलं नाही. मामंजींनी पडला का विचारलं. पडला नव्हताच. आपटला का विचारलं…" तिनं घडी हातातच धरली. "तेव्हा मला ते आठवलं नाही, का आठवूनही नाही म्हटलं, हेच आता कळत नाही."

मी घडी घालत राहिले. माकडांचं सांगितलं. 

"मग कुणाचं, आत्या?"

"कुणाला माहीत."

"मामंजींना सांगू मी?"

सांग म्हणावं तर वहिनी आहे. नको म्हणावं तर मी स्वतः सहा दिवस गप्प बसून काय झालं ते बघितलंय. मूर्तीही आता नाही, कुणी पारखून सांगायला.

"तुझं तू बघ," एवढंच म्हटलं. ते बरोबर म्हटलं का, कळत नाही. तिनं ट्रंकेचं झाकण लावलं, कडी बसेना म्हणून वर बसली. माधव बाहेरून विचारतोय, आवरलं का. गाडी उद्या सकाळची.