कर्त्याचा रकाना

बाबा,

आज सकाळी मी एका माणसाला अज्ञात करून टाकलं आणि तुमची आठवण आली. चांगली नव्हे. इथे आखातात, सालमियातल्या आपल्या त्याच इमारतीत, दोन मजले वर, आता मी राहते. इंग्लंडमधलं एक ग्रंथालय चारशे वर्षांपूर्वीच्या संगीताची हस्तलिखितं मला स्कॅन करून पाठवतं आणि मी घरबसल्या त्यांची सूची करते. गाणी नाहीत, नुसतं वाद्यांचं संगीत; बहुतेक व्हायलचं, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायच्या एका जुन्या तंतुवाद्याचं. प्रत्येक धुनेचे पहिले दहाबारा सूर नोंदवायचे, ते इतर सूचींशी ताडून पाहायचे, कागद, शाई, अक्षर कसं आहे ते लिहायचं आणि शेवटी कर्त्याचा रकाना भरायचा. आजच्या पानावर धुनेखाली कुणीतरी नाव लिहिलं होतं आणि कुणीतरी ते खरवडून काढलं होतं. पहिलं अक्षर लागतंय असं मला वाटत होतं. पण वाटणं चालत नाही. मी ‘अज्ञात’ लिहिलं आणि पुढच्या पानावर गेले.

हे तुमचंच शिक्षण. मिरकाबच्या ऑफिसात तुम्ही कंपनीच्या ड्रॉइंगचं रजिस्टर सांभाळायचात. सही नसलेलं ड्रॉइंग साहेबाला परत करायचात आणि घरी येऊन ते रंगवून सांगायचात. आई पोळ्या लाटता लाटता हं हं करायची. घरातही सिव्हिल आयडीच्या झेरॉक्सपासून माझ्या लसीच्या कार्डापर्यंत सगळ्याला नंबर आणि फोल्डर. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. खालच्या मजल्यावरच्या गोव्याच्या बाईंकडे व्हायोलिन शिकत होते. एक धून सुचली म्हणून ती वहीत उतरवली, वर माझं नाव घातलं, आणि तुम्ही स्वयंपाकघरात चहा पीत बसला होतात तिथे येऊन वाजवून दाखवली. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत, हे मान्य. मग विचारलंत, “ही तुझीच कशावरून?”

मी म्हटलं, मला सुचली.

“कुठेतरी ऐकली असशील. पुरावा नाही तिथे नाव घालायचं नाही.”

खोडरबर तुम्हीच आणून दिलंत. नाव मी माझ्या हाताने खोडलं. आई ओट्यापाशी पोळ्या लाटत राहिली. तिच्यावरही माझा राग आहे, पण तो वेगळा. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात मी तीच धून वाजवली, तेव्हा तुम्ही माइकवरून सांगितलंत की आता ऐकू या एक पारंपरिक पाश्चात्त्य धून. टाळ्या पडल्या. त्यानंतर मी एकही धून केली नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नाही, कारण न झालेल्या गोष्टींची तुम्ही नोंद ठेवत नव्हतात. आणि बघा, पोट भरायला मी कुठलं काम धरलं.

तुम्ही गेल्यावर कपाट आवरताना ती वही सापडली. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, नंबर घालून, एकही कोपरा न दुमडलेली. मी खाली फरशीवरच बसले. इतकी वर्षं जपली, म्हणजे मनात काहीतरी असेल, असं वाटलं. मग आतली चिठ्ठी दिसली, तुमच्या त्या सुरेख अक्षरातली: वही एक, पाने चोवीस, कर्ता अज्ञात. बाबा, घरात वाजवणारी मी एकटीच होते.

हे पत्र कुठेही जायचं नाही, म्हणून एक कबूल करते. नवं हस्तलिखित उघडलं की माझ्या त्या धुनेचे पहिले बारा सूर त्यात कुठे आहेत का, हे मी सगळ्यांत आधी पाहते. कुणी सांगितलेलं नाही, कामाचा भागही नाही. आजही पाहिलं. ती अजून कुठेच सापडलेली नाही. वही इथेच टेबलावर आहे, पेन्सिलही आहे. नाव मी अजून घातलेलं नाही.