टेकाडावरची झुडपे

३ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,

सा. न. वि. वि. आम्ही दोघे खुशाल आहोत, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. आईचा खोकला वाढला आहे. दाराच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, तरी ताटात वाळू येतेच.

तुझ्या जमीन सुधार कार्यालयाची पाटी रंगवायला माझ्याकडेच आली होती. मजकूर 'हरीत टेकडी'. दीर्घ री! भिंतीवर पदव्या टांगणाऱ्या तुम्हा साहेबलोकांना एक ऱ्हस्व वेलांटी देता येत नाही, ते टेकडीला हिरवाई काय देणार? मी शुद्ध करून रंगवली. महिनाभरात वाऱ्याने रंग खरवडून नेला. आता कोरा पत्रा उभा आहे. तोच तुमचा खरा अहवाल.

तुझ्या सहीने टेकाडावरची झुडपे निघाली, तुझ्याच सहीने उतार नांगरला गेला. दोन पिके आली, तुला प्रशस्तिपत्र मिळाले. तिसऱ्या वर्षी वरची माती उडाली, गवत गेले, आणि झुडपांनी इतकी वर्षे पलीकडे थोपवलेली वाळू सरळ आपल्या परसात उतरली. विहिरीत हातभर पाणी उरले आहे. मी रोज चाळीस टोपल्या वाळू उपसतो, टोपल्या मोजूनच. विहीर बुजली तर आईला घर सोडावे लागेल. तुझ्याकडे येणार नाही म्हणते. तिथे गोधडी वाळत घालायलाही शेजाऱ्यांना विचारावे लागते म्हणे.

उतार तुमच्या ताब्यात आहे. पुन्हा झुडपे लावायची परवानगी दे. लोभ असावा, निदान कागदावर तरी.

तुझा,
वेलांटी

१४ फेब्रुवारी

चि. वेलांटीस,

अनेक आशीर्वाद. पत्र पावले. मी ठेवलेल्या 'वेलांटी' या नावाला जागलास: शुद्धलेखनाची चूक एकही नाही आणि अकलेचा कणही नाही. सातवीत शाळा सोडलेल्याने मला जमीन शिकवावी, म्हणजे शेंडीने हत्ती ओढण्यातला प्रकार. ज्या काट्यांना शेळीसुद्धा तोंड लावत नव्हती, त्यांच्यासाठी एवढा गळा काढतोस?

झुडपे काढा असा शेरा म्हाताऱ्या मोजणीदाराच्या अहवालात होता. तीस वर्षे छत्री घेऊन त्या टेकाडावर भटकणारा तो चक्रम. मी फक्त सही केली. त्या उन्हाळ्यात तू इथे माझ्याकडेच होतास, तुला आठवत असेल.

आईला घेऊन ये. वहिनीने शिवणयंत्र गॅलरीत काढून खोली मोकळी केली आहे. आशीर्वाद आहेतच. ते मिळवायला तुला कुठे परीक्षा द्यावी लागते?

दादा

२ मार्च

तीर्थरूप दादास,

सा. न. वि. वि. मी मोजणीदारांच्या घरी जाऊन आलो. तुझा निरोप ऐकून ते आधी खोकेपर्यंत हसले, मग त्यांनी तुझा उद्धार केला. तो जसाच्या तसा लिहिला तर कागद लाजेल. आपण नेमके उलटे लिहिले होते, असे ते म्हणाले. म्हणजे एक तर तू खोटे बोलतोस, नाहीतर तुला वाचता येत नाही. दुसरे असेल तर मला नवल वाटणार नाही.

मूळ कागद पाठव. विहिरीत आता वीतभर पाणी आहे. लोभाचे नंतर बघू.

वेलांटी

११ मार्च

चि. वेलांटीस,

अनेक आशीर्वाद. मूळ कागद आणि कार्यालयातली स्वच्छ प्रत, दोन्ही सोबत आहेत. शेजारी शेजारी ठेवून बघ. म्हाताऱ्याने लिहिले आहे, 'झुडपे वाढावीत.' प्रतीत आहे, 'झुडपे काढावीत.' प्रतीतले अक्षर ओळखीचे वाटते का? त्या उन्हाळ्यात कागद उतरवून काढायला मीच तुला बसवले होते. नीट पाहा, तू आधी व काढला होतास. मग पात्याने खरवडून त्याला शेपूट जोडलेस.

मला हे गेल्या वर्षी कळले. चूक माझी, असे मी कार्यालयात लिहून दिले आहे. तुझे नाव निघू नये म्हणून तुला लिहिताना म्हाताऱ्यावर ढकलले. तुझी बोलणी मला खायचीच होती, तेव्हा तीही खाल्ली. मूळ कागद न वाचता सही ठोकणारा गाढव मीच, त्यात वाटा मागू नकोस. तू शेपूट दिलेस, मी शिक्का दिला.

परवानगीपत्र सोबत आहे. ते मात्र मी तीनदा वाचले. आईला यातले काही सांगू नकोस.

दादा

२९ मार्च

तीर्थरूप दादास,

सा. न. वि. वि. आईला सांगितले. ती म्हणाली, एकाला लिहिता येते, दुसऱ्याला सही येते, वाचता मात्र कोणालाच येत नाही. मीच शाळेत गेले असते तर बरे झाले असते.

मला तो दिवस आठवतो. काटेरी झुडपे वाढावीत असे कुणी शहाणा कशाला लिहील, क चे शेपूट पुसट झाले असणार, असे वाटले म्हणून मी 'शुद्ध' केले. तुम्हाला हिणवायला ऱ्हस्व-दीर्घ पुरत होते मला. टेकाड तर घरामागेच होते. तुझ्याकडे यायला निघताना मान वळवून बघितले असते तरी पुरले असते.

मोजणीदारांनी डबाभर बिया दिल्या, सोबत शिव्या. उतारावर चंद्रकोरीसारखे दोनशे अकरा खड्डे झाले आहेत. वाळू रोज उपसतो आहे. पाणी वीतभरच आहे, पण गेले बारा दिवस वीतभरच आहे. वहिनीला शिवणयंत्र आत घ्यायला सांग. आई इथेच राहणार.

त्या कोऱ्या पत्र्यावर नवी पाटी रंगवली आहे: 'झुडपे वाढावीत.' खाली दुसरी ओळ: 'काढू नयेत.' कुठल्या साहेबाला किंवा कुठल्या पंडिताला शंका नको.

लोभ वाढावा. 'वाढावा'चे पहिले अक्षर नीट पाहून वाच.

तुझा,
वेलांटी