सगळ्यात शार्प फोटो

३ मार्च
मुलीचा फोन. आई जाऊन दोन महिने झाले, भिंतीवर तिचा एक फोटो नाही, चाळीस वर्षं कॅमेरे गळ्यात घालून फिरलात ना, म्हणाली. पुढच्या रविवारी, चौदाला, फ्रेम घेऊनच येते आहे.
अकरा दिवस आहेत. भरपूर झाले.
ठरवलं, सगळ्यात शार्प असेल तोच द्यायचा. छोटा फिल्म कॅमेरा, मोठ्या निगेटिव्हचा आणि डिजिटल, तिघांची सरळ परीक्षा. तीन दिवसांत निकाल.

६ मार्च, दुपार
निगेटिव्ह भिंगाखाली पाहिल्या. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स सरस. एका मिलिमीटरमध्ये जास्त रेघा सुट्या दिसतात, म्हणजे बारकावा जास्त. निकाल लिहून झाल्यावर लक्षात आलं, फ्रेमच्या मापाला आणताना छोटी निगेटिव्ह कितीतरी जास्त फुगवावी लागणार. तुलना सारख्या मापाच्या प्रिंटवरच हवी.
तीन दिवस वाया. वाया नाही, पूर्वतयारी.

८ मार्च
लॅबवाल्याकडे गेलो. काका, एवढे प्रिंट कशाला, काकू हसताहेत असा एखादा द्या की, म्हणाला. त्याला सांगितलं, हसलं की माणूस हलतं.
पावती फाडून दिली. पटलं असावं.

९ मार्च
पाठ दुखते. काही केलं नाही. उद्या पहाटेपासून.

१० मार्च
उठायला साडेनऊ.

११ मार्च
प्रिंट आले. मोठी निगेटिव्ह जिंकली. वर्तमानपत्रातलं अक्षर न् अक्षर वाचता येतं.
नवी लेन्स घेतली की खिडकीपाशी हिला पेपर उघडून उभं करायचो. छापील अक्षरांवर लेन्स लगेच कळते. आणि हिच्याइतकं स्थिर कोणी उभं राहत नसे.
चेहरा पेपरमागे गेला आहे. हरकत नाही, निगेटिव्हची अजून साठ पाकिटं बघायची आहेत.

१३ मार्च, संध्याकाळ
पाकिटं संपली. डिजिटलही पाहून झालं. पेपर, पेपर, एकदा कॅलेंडर. बोटं सुरेख आली आहेत. एकात वरून कपाळ दिसतं.
कपाळ तिन्ही फॉरमॅटमध्ये असतं तर तुलना करता आली असती.

१४ मार्च, रविवार
मुलगी आली. प्रिंट टेबलावर मांडून ठेवले होते. रेघांचं समजावून सांगितलं. ती एकेक बघत गेली. बाबा, ही आई आहे की पेपरवाली, म्हणाली. हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.
येताना तिने आईच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला होता. म्हणाली, मला अंदाज होताच. तोच लावला. शार्पनेस शून्य, डोळ्यांच्या कडा विरघळलेल्या. हनुवटीवर उजवीकडे तीळ.
म्हटलं, फोटो उलटा छापलाय. लॅबवाले करतात असं. तीळ डावीकडे होता.
मुलगी म्हणाली, नाही बाबा. उजवीकडेच होता.