खण नंबर २१४चे शेजारी

मिनोवा, टोकियो
३ एप्रिल, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटे

ती. कायोकोताईस,
सा. न. वि. वि. बूट कुलपात ठेवून, किल्ली काउंटरवर देऊन, हॉटेलचा पायजमा चढवून मी माझ्या खणात बसलो आहे. एकावर एक दोन ओळी, दाराऐवजी पडदा, आणि सरळ बसलं की डोकं छताला लागतं. अक्षर वाकडं आलं तर ते त्यामुळे. स्वस्त आहे, आणि गल्ली इतकी शांत की लोक सायकलची घंटाही जपून वाजवतात.

तातामी चटया शिवायच्या दुकानाचे कुरोसू मालक म्हणतात, हात बरा आहे. पण पंधरा तारखेपर्यंत स्वतःची खोली घेतली तरच कामावर ठेवतील. पडद्यामागे राहणारा माणूस उद्या असेल याची खात्री काय, असं त्यांचं म्हणणं. दलाल टोकियोतला जामीन मागतात. तो मी कुठून आणू?

नव्या जागी आल्यावर शेजाऱ्यांना द्यायच्या रीतीचे म्हणून तू दिलेल्या पाच टॉवेलांपैकी चार पहिल्याच दिवशी वाटले. वरचा, समोरचा, डावा, उजवा. पडदा ठोठावता येत नाही म्हणून बाहेर उभा राहून खोकलो. दुसऱ्या दिवशी चारही माणसं बदललेली. आता टॉवेल एक आणि शेजारी चार. शिवाय काउंटरवरच्या हिरोसेबाई हळूच म्हणाल्या, की कोणीतरी पडद्याशी येऊन खोकतं अशी तक्रार आहे. मला काढतील का?

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नकोस.
तुझा
तेप्पेई

नोशिरो
६ एप्रिल

चि. तेप्पेईस अनेक आशीर्वाद.
पत्र वाचून इतकी हसले की सासूबाई चहा टाकून बघायला आल्या. अरे शहाण्या, शेजार घरांचा असतो, खणांचा नव्हे! समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंची दोन. आणखी चार टॉवेल पाठवते आहे. जेवणाच्या वेळी जाऊ नकोस. नाव सांग, वाक, टॉवेल दे आणि माघारी फिर. जन्मकथा ऐकवत बसू नकोस.

नुसत्या भाताच्या गोळ्यांवर राहतोस ना? खरं सांग. आणि नाहीच जमलं तर सरळ घरी ये. मासळीबाजारात काम आहेच. तुला ते नको आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून पुन्हा लिहीत नाही.

आठवण ठेव, आणि पत्रात लपवाछपवी नको.
तुझी
ताई

मिनोवा, टोकियो
१६ एप्रिल, सकाळी साडेसहा

ती. ताईस,
सा. न. वि. वि. चहा पिऊन, कामाला निघण्यापूर्वी लिहितो आहे. परवा रविवारी दहा वाजता पाच घरी गेलो. चार घरी टॉवेल घेतला, दार लावलं. पाचवं घर म्हणजे बंद पडलेली लॉन्ड्री. तिथल्या तादोकोरो आजींनी साखळी न काढता फटीतून पाहिलं. मी नाव सांगितलं, हॉटेलात पंधरा तारखेपर्यंत आहे म्हणालो, आणि आमच्या बॅगांच्या चाकांच्या आवाजाबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "हे हॉटेल होऊन सहा वर्षं झाली. रोज शंभर माणसं येतात, शंभर जातात. माझी घंटा वाजवणारा तू पहिला. आणि तूही चाललास?"

तुझी सूचना मोडून मी सगळी जन्मकथा सांगितली.

त्यांच्या वरच्या मजल्यावर सहा चटया मावतील एवढी खोली रिकामी आहे. जामिनाऐवजी त्यांनी कुरोसू मालकांनाच फोन लावला. मालक म्हणाले म्हणे, की मुलगा सुई टोचण्याआधी तीनदा मोजतो. दिवस जातो, पण घातलेली चटई जागची हलत नाही. मला ते हे कधी बोललेले नाहीत. काल पत्ता दाखवला तेव्हाही एवढंच म्हणाले, "उद्यापासून सातला ये."

काल रात्री खोलीत झोपच येईना. छत फार लांब. शेवटी गाद्या ठेवायच्या भिंतीतल्या कपाटात, खालच्या खणात शिरलो आणि गाढ झोपलो. पहाटे आजी चहा घेऊन वर आल्या. खोली रिकामी बघून त्यांना वाटलं, मी पळालो. मी कपाटातून बाहेर येऊन वाकलो. त्यांनी मला पाहिलं, कपाट पाहिलं, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "कपाटाचं भाडं निम्मं."

हसल्या नाहीत. खोलीचं भाडं अठ्ठावीस हजार येन ठरलं आहे. एक तारखेच्या पाकिटात अठ्ठावीस घालू की चौदा, हे उलट टपाली कळव. तोवर दोन्ही पाकिटं तयार ठेवतो.

असाच जीव लावत राहा.
तुझा
तेप्पेई